'यू'ला रशियनमध्ये काय म्हणायचं?

आधी कबुली देऊन टाकतो. मागच्या उन्हाळ्यात मी एका सत्तरीच्या आजींना "काय रे, चढलेली दिसतेय तुला!" असं म्हणालो. आजी राहतात अल्माटीला, मी राहतो पुण्यात कॉट बेसिसवर. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. आणि त्यांनी घेतली होती रक्तदाबाची गोळी!

घडलं ते असं. टी.ई.चे पेपर संपले आणि मी एका छोट्या कंपनीत इंटर्नशिपला लागलो. कंपनीचं मोबाईल ॲप आहे, म्हाताऱ्या माणसांना औषधाच्या वेळा आठवण करून देणारं. कझाकस्तानातल्या एका वितरकाला ते आवडलं. तिथे रशियन भाषा सर्रास चालते, म्हणून ॲप रशियनमध्ये हवं होतं. मीटिंगमध्ये विचारलं गेलं, "रशियन कोणाला येतं?" मी हात वर केला. माझं रशियन म्हणजे काय, तर रानडे इन्स्टिट्यूटमधला एक सर्टिफिकेट कोर्स. तोही जर्मनच्या बॅचला जागा मिळाली नाही म्हणून केलेला. पण हात वर गेला तो गेला. संध्याकाळी एक्सेल शीट आली. डावीकडे इंग्रजी वाक्यं, उजवीकडे रिकामे रकाने, एकूण ४१२ ओळी आणि मुदत दोन दिवस.

आता ही वाक्यं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे. हल्ली सगळी ॲप्स लाडात बोलतात. गोळी चुकली की "ऊप्स! यू मिस्ड वन!" गोळी घेतली की "यू आर गुड!" आठवडाभर नीट घेतली की "वे टू गो!" मला वाटलं, हे तर सोपं आहे. व्याकरणाचे तक्ते अवघड, हे तर नुसतं बोलणं! इथेच माझी विकेट पडली.

"यू आर गुड"चं मी केलं 'ति खरोश!' त्याच्या तीन वाटा लागल्या. 'ति' म्हणजे 'तू'. (खरा उच्चार इ आणि उ यांच्या मधे कुठेतरी घशात अडकतो, देवनागरीत तो बसत नाही, चालवून घ्या.) म्हणजे आजींना अरे-तुरे. 'खरोश' हे पुल्लिंगी रूप, म्हणजे आजींचे आजोबा. आणि त्यावर कडी म्हणजे बोलीभाषेत 'खरोश' हे बऱ्यापैकी प्यायलेल्या माणसाला उद्देशून म्हणतात. आपण नाही का म्हणत, "साहेब आज रंगात आहेत"? शिवाय नुसतं "खरोश!" म्हटलं तर त्याचा अर्थ "बास, पुरे!" असाही होतो. शब्दकोशात मात्र 'गुड' समोर हाच शब्द होता. मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

वितरकाकडच्या बाईंनी ॲप स्वतःच्या आईच्या फोनवर टाकून पाहिलं होतं. त्यांची मेल आली. आई विचारत होती, हा कोण मुलगा माझ्याशी असं बोलतोय? दुसऱ्या दिवसापासून तिने ॲप उघडणंच बंद केलं. चार दिवस रक्तदाबाच्या गोळ्या अंदाजाने घेतल्या. एक दोनदा घेतली, एक दोनदा राहिली. मेलमध्ये राग नव्हता, फक्त हे असं झालं एवढंच लिहिलं होतं. ते वाचून मला जेवण गेलं नाही. आमच्या टीम लीडने मात्र "अरे, स्ट्रिंग्जचा तर इश्यू आहे, फिक्स करून टाक" म्हणून विषय संपवला.

तेव्हापासून या विषयावर माझं एक ठाम मत झालंय. इंग्रजी बोलणं रशियनमध्ये न्यायचं तर वाक्यप्रचारांच्या याद्या पाठ करून फारसं काही होत नाही. याद्यांमधलं सगळं सोपंच असतं. "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज"ला रशियन माणूस 'बादलीतून ओतल्यासारखा' म्हणतो आणि आपण मुसळधार म्हणतो. कुत्री-मांजरं जागच्या जागी राहतात, पाऊस पडतो, काम झालं. न्यूकॅसलला कोळसा नेण्याऐवजी रशियन माणूस तूला या गावी स्वतःचा समोवार घेऊन जात नाही, कारण समोवार तिथेच बनतात. आपण जळगावला केळी नेत नाही तसंच. अडतं ते 'यू', 'कम ऑन', 'गुड', 'वेल', 'या, राइट' या फुटकळ शब्दांपाशी. त्यांचा अर्थ कोशात नसतो. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय आणि त्या वेळी चेहरा कसा आहे, यात तो असतो.

'यू'चंच घ्या. इंग्रजी सिनेमात नायक-नायिका पहिल्या भेटीपासून शेवटच्या मिठीपर्यंत एकमेकांना 'यू'च म्हणतात. रशियनमध्ये आपल्यासारखेच दोन 'यू' आहेत, 'ति' म्हणजे तू आणि 'वि' म्हणजे तुम्ही. म्हणजे 'वि'वरून 'ति'वर गाडी कुठल्या प्रसंगात येते हे अनुवादकाला ठरवावंच लागतं. मूळ लेखकाने ते ठरवलेलंच नसतं! पुश्किनने १८२८ साली एक छोटीशी कविता लिहिली, तिचा विषयच एवढा आहे की तिने चुकून 'वि'च्या जागी 'ति' म्हटलं. त्या एका अक्षरावर माणूस हवेत तरंगतो. ही कविता इंग्रजीत सांगताना घाम फुटेल, मराठीत सांगायला काही त्रास नाही. "अहो"चं "अरे" कधी झालं हे आपल्या घराघरात लोकांना तारीखवार माहीत असतं.

आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे. आपण मराठी पोरं रशियन शिकताना मनातल्या मनात इंग्रजीत वाक्य तयार करतो आणि मग ते रशियनमध्ये ढकलतो. उलटा उद्योग आहे हा! इंग्रजी वाक्य आधी मराठीत बोलून बघा, अर्धं काम तिथेच होतं. "आय ॲम हॉट" हे शब्दाला शब्द ठेवून रशियनमध्ये नेलं तर भलताच अर्थ निघतो, मुलींनी तर अजिबात म्हणू नये. बरोबर काय, तर 'म्न्ये झार्का'. म्न्ये म्हणजे मला. मला उकडतंय! "आय ॲम कोल्ड" म्हणजे 'म्न्ये खोलदना', मला थंडी वाजतेय. "आय लाइक इट" म्हणजे 'म्न्ये न्राव्हित्सा', मला आवडतं. इंग्रज माणूस डोकेदुखी बाळगून असतो, रशियन माणसाचं आणि आपलं डोकं स्वतःच दुखतं. वयसुद्धा 'मला वीस वर्षं' असं सांगतात, आपल्याकडे "मला विसावं लागलं" म्हणतात तसं. वर्गात आमच्या मॅडमनी पहिल्या महिन्यात हे सांगितलं होतं. मी ते वहीत लाल पेनने लिहून घेतलं आणि विसरलो.

त्याहून मजा आहे ती छोट्या अव्ययांची. इंग्रजीत जोर द्यायचा तर आवाज चढवतात. "आय टोल्ड यू!" यात 'टोल्ड'वर नुसता सूर असतो, कागदावर तो दिसतही नाही. रशियन माणूस तिथे 'झे' नावाचं एक टिकलीएवढं अव्यय टाकतो, 'या झे तिब्ये गवरील'. हा 'झे' इंग्रजीत सांगायला परिच्छेद लागेल. मराठीत? "मी तुला म्हटलंच होतं." तो 'च' आहे, झालं! त्यांच्याकडे 'व्येद' आहे, 'नू' आहे, 'व्होत' आहे. आपल्याकडे 'ना', 'की', 'बरं', 'तर' आहेत. दोन्ही भाषांमधलं घरगुती बोलणं अशा खड्यांवरच उभं असतं. ते काढून घेतले तर उरतं ते सरकारी परिपत्रक. इंग्रजीतून झालेले रशियन अनुवाद कोरडे वाटतात, त्याचं निम्मं कारण हेच असावं असं मला वाटतं. मुळात तो 'झे' नसतोच, तो आपल्या अंगचा घालावा लागतो आणि घालायची भीती वाटते.

'कम ऑन' घ्या. मॅच बघताना "कम ऑन!" म्हणजे 'दवाय!', आपलं "चल, हाण!" मित्राने सबमिशन पूर्ण झाल्याचं सांगितलं आणि तुम्ही "कम ऑन" म्हणालात तर ते 'दा लादना!', म्हणजे "चल, काहीतरीच!" आईकडे पैसे मागताना "कम ऑन, मॉम" म्हणजे 'नू माम!', "ए आई, दे ना गं!" एका इंग्रजी शब्दाचे तीन रशियन झाले आणि मराठीही तीनच. तसंच "या, राइट". रशियन माणूस म्हणतो 'अगा, सिचास', शब्दशः 'हो, आत्ता'. याचा अर्थ कधीच नाही. जर्नल कॉपी करायला मागितल्यावर आपण "हो, लगेच!" म्हणतो ना, तेच.

"ब्रेक अ लेग" मात्र खास आपल्या कामाचं आहे. याला रशियनमध्ये 'नी पूखा नी पेरा' म्हणतात, म्हणजे 'लवही नाही नि पीसही नाही'. शिकारीला निघालेल्याला थेट शुभेच्छा दिल्या तर दृष्ट लागेल, म्हणून उलटं बोलायचं. आज हे शिकाऱ्यांपेक्षा परीक्षेला निघालेली मुलंच एकमेकांना म्हणतात. गंमत पुढे आहे. इंग्रजीत समोरचा "थँक्स" म्हणतो. रशियनमध्ये 'थँक्स' म्हटलंत तर सगळं फुकट! उत्तर द्यावं लागतं 'क चोर्तू!', म्हणजे 'जा सैतानाकडे!' म्हणजे एक वाक्य बदललं की पुढच्या पात्राचं उत्तरही बदलावं लागतं. ओरलच्या आधी सरांनी "बेस्ट लक" म्हटल्यावर आपण त्यांना "खड्ड्यात जा" म्हणतोय अशी कल्पना करा. (काहींच्या मनात ते असतंच, असो.)

मग प्रश्न येतो, किती बदलायचं? यावर रशियात पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झालीत. एकोणिसाव्या शतकात व्हेदेन्स्की नावाच्या गृहस्थांनी डिकन्स रशियनमध्ये आणला. आवडला प्रसंग की ते स्वतःच्या पदरचं खुशाल घालायचे. विसाव्या शतकात लान आणि क्रिव्त्सोवा यांनी उलट टोक गाठलं आणि शब्दाला शब्द चिकटून डिकन्स केला. कर्नेय चुकोव्हस्की हे मुलांचे कवी म्हणून प्रसिद्ध, पण अनुवादावर त्यांचं 'थोर कला' अशा अर्थाच्या नावाचं जाडजूड पुस्तक आहे. त्यांनी व्हेदेन्स्कीला पदरचं घातल्याबद्दल झोडपलंय, तरीही अचूक लोकांपेक्षा डिकन्सचा आवाज त्यालाच जास्त सापडला असंही म्हटलंय. मला हे पटतं. अचूक असून मुकं असण्यापेक्षा थोडं चुकीचं पण बोलतं बरं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय'. १९५१ची कादंबरी. न्यूयॉर्कचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कट्ट्यावरच्या इंग्रजीत बडबडतो. १९६० मध्ये रीता राइट-कव्हाल्योवा यांनी ती रशियनमध्ये केली. नावच बदललं, 'राईच्या शेतात, दरीच्या काठावर' असं काहीसं. (ही राई म्हणजे मोहरी नव्हे, राय नावाचं धान्य.) त्या मुलाचा लाडका शब्द 'फोनी'. त्या जातीच्या ढोंगासाठी त्यांनी 'लीपा' वापरला. लीपा हे मूळचं एका झाडाचं नाव, पण रस्त्यावरच्या रशियनमध्ये त्याचा अर्थ बनावट, बोगस. एकदम फिट्ट! शिव्या मात्र सोव्हिएत छपाईत शक्यच नव्हत्या. शेवटाकडे भिंतीवर लिहिलेला तो प्रसिद्ध घाण शब्द आहे, तो त्यांनी छापलाच नाही, काहीतरी अचकट-विचकट लिहिलंय एवढंच सांगितलं. पोरगा इंग्रजीपेक्षा सभ्य झाला हे खरं आहे. पण एक अख्खी सोव्हिएत पिढी त्याला आपला दोस्त समजली हेही खरंच आहे. २००८ मध्ये मक्सीम नेम्त्सोव्ह यांनी नवा अनुवाद केला, त्यात बोली ठासून भरली आणि त्यावर भरपूर वाद झाला. मी दोन्ही सबंध वाचलेले नाहीत, तेवढं माझं रशियन नाही. मॅडमनी दोन्हींतलं एकेक पान वर्गात वाचून दाखवलं होतं. पहिल्यातला मुलगा बोलत होता. दुसऱ्यातला मला बोली बोलून दाखवत होता असं वाटलं. मतभेद मान्य!

शिव्यांचं त्रांगडं पुढेही चालूच राहिलं. ऐंशी-नव्वदच्या दशकात हॉलिवूडच्या चोरट्या व्हिडिओ कॅसेट घरोघर पोचल्या. त्यावर एकच माणूस सगळ्या पात्रांचं रशियन बोलायचा, बायकांचंसुद्धा, बऱ्याचदा सिनेमा ऐकता ऐकता तिथल्या तिथे. वलदार्स्की, मिखाल्योव्ह, गाव्रीलव्ह हे त्यातले नावाजलेले आवाज. वलदार्स्की आवाज ओळखू येऊ नये म्हणून नाकाला चिमटा लावतात अशी आख्यायिकाच होती, इतका त्यांचा आवाज नाकातला! इंग्रजीत शिवी स्वल्पविरामासारखी येते. रशियनमध्येही येते, पण पडद्यावर किंवा कागदावर ती आली की तिचं वजन दहापट होतं. आपल्या होस्टेलवर जो शब्द दर वाक्याला लागतो तो घरी आजीसमोर उच्चारून बघा, म्हणजे कळेल. म्हणून बहुतेक जण सगळ्याला 'चोर्त', म्हणजे सैतान, एवढ्यावर भागवायचे. पुढे दिमीत्री पुच्कोव्ह ऊर्फ गॉब्लिन हे माजी पोलीस आले आणि त्यांनी शिवीच्या जागी शिवीच ठेवायला सुरुवात केली. २०१४ पासून तर सिनेमा-नाटकात अशा शब्दांवर तिथे कायद्याने बंदी आहे आणि पुस्तकात असतील तर पुस्तक सीलबंद विकावं लागतं.

या कॅसेटी-सिनेमांमुळे उलटंही झालं, अनुवादाचीच भाषा लोकांच्या तोंडी बसली. "आर यू ओके?"चं शब्दशः 'ति फ परयाद्के?' ऐकून भाषेचे जाणकार कपाळावर हात मारून घेतात, पण आज लोक तसंच बोलतात. आपल्याकडे हिंदीच्या नादाने "मला मदत कर"चं "माझी मदत कर" झालं, तीच गत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मशीन करेल, तू कशाला त्रास घेतोस? मशीनचा आणि रशियनचा संबंध जुना आहे. ७ जानेवारी १९५४ ला जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी न्यूयॉर्कमध्ये संगणकाकडून रशियन वाक्यांचं इंग्रजी करून दाखवलं. शब्द होते २५० आणि व्याकरणाचे नियम सहा! तीन ते पाच वर्षांत प्रश्न सुटेल असं तेव्हा म्हटलं गेलं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्याच एका समितीने अहवाल देऊन त्यावर पाणी ओतलं. उलट्या दिशेचा तो विनोद तुम्ही ऐकला असेलच. मन खंबीर पण शरीर थकलेलं अशा अर्थाचं बायबलचं वचन मशीनने रशियनमध्ये नेऊन परत आणलं तर "व्होडका चांगली आहे पण मटण सडलंय" असं झालं म्हणे. कुठल्याही मशीनने हे खरोखर केल्याचा पुरावा नाही, कोणीतरी रचलेली गोष्ट आहे. माणसांच्या गमती मात्र पुराव्यासकट आहेत. मार्च २००९ मध्ये जिनिव्हात हिलरी क्लिंटन यांनी रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांना एक लाल बटण भेट दिलं. संबंध 'रिसेट' करू या, अशी कल्पना. त्यावर हवं होतं 'पेरेझाग्रूझ्का', छापलं 'पेरेग्रूझ्का', म्हणजे ओव्हरलोड! लावरोव्ह यांनी कॅमेऱ्यासमोरच चूक दाखवली. हे काम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं होतं, मी तर एक इंटर्न.

आजची मशीन्स माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं रशियन लिहितात, त्यात वाद नाही. पण माझ्या एक्सेल शीटमध्ये "यू आर गुड!" एवढंच होतं. समोर आजी आहेत, त्यांनी नुकतीच गोळी घेतलीय, हे कुठल्या रकान्यात लिहिलं होतं? मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ही माहिती नसेल तर मशीनही अंदाजच बांधणार. म्हणून माझी कंपन्यांना (म्हणजे पुढच्या वर्षी तिथे जाणाऱ्या आपल्याला) एकच मागणी आहे, शीटमध्ये तिसरा रकाना द्या. कोण, कोणाला, कधी. अनुवाद शेवटच्या शुक्रवारी इंटर्नच्या गळ्यात मारायची गोष्ट नाही.

दुरुस्ती करायला मला आठ दिवस लागले. पहिलं काम म्हणजे सगळीकडे 'ति' काढून 'वि' केलं. आणि काय आश्चर्य, दुसरा बगही आपोआप गेला! रशियनमध्ये भूतकाळात क्रियापदाला लिंग लागतं, तो गेला, ती गेली, आपल्यासारखंच. पण 'वि' म्हटलं की अनेकवचन येतं आणि अनेकवचनात लिंग नाही. 'वि प्रीन्याली' म्हणजे "तुम्ही घेतलंत", आजींनाही तेच आणि आजोबांनाही तेच. आदराने बोललो तर लिंग विचारायची गरजच उरत नाही. कोडमध्ये जिथे मी स्त्री-पुरुष अशी इफ-एल्स टाकणार होतो ती पूर्ण उडाली. गोळ्यांच्या संख्येने मात्र छळलं. एक गोळीला एक रूप, दोन ते चारला दुसरं, पाचपासून तिसरं आणि एकवीस झाल्या की पुन्हा एकवचन! ते असो. "यू आर गुड"च्या जागी अल्माटीच्या बाईंनी एकच शब्द सुचवला, 'प्रीन्याता'. घेतलं गेलं, नोंद झाली. कौतुक नाही, लाड नाही. आजींना तेवढं पुरलं, त्यांनी ॲप परत सुरू केलं.

शेवटी उरलं ते 'ऊप्स'. मी आधी रशियनमध्येही 'ऊप्स'च ठेवलं होतं. मग मराठीवरून गेलो. बशी हातातून पडली की आपण "अगं बाई!" म्हणतो, रशियन बायका 'ओय!' म्हणतात. मी खूश होऊन 'ओय' पाठवलं. बाईंनी आईला विचारून कळवलं की शब्द बरोबर आहे. पण आईचं म्हणणं, गोळी चुकली माझी, दचकायचं तर मी दचकेन, फोनने कशाला दचकायचं? आता त्या ओळीत फक्त गोळीचं नाव आणि वेळ येते.